लॉगिन करताना युजर प्रोफाइल लोड होत नाही: वारंवार उद्भवणाऱ्या अडचणीचे निदान आणि दुरुस्ती

पासवर्ड अचूक टाकलेला असतो, विंडोज तो स्वीकारतेही, ‘वेलकम’ हा शब्द पडद्यावर दिसतो आणि त्यानंतर दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘द युजर प्रोफाइल सर्व्हिस फेल्ड द साइन-इन, युजर प्रोफाइल कॅनॉट बी लोडेड’ असा संदेश येऊन संगणक आपल्याला पुन्हा लॉगिनच्या पडद्यावर आणून सोडतो, किंवा लॉगिन होते खरे, परंतु समोर येणारा डेस्कटॉप पूर्णपणे अनोळखी असतो: आपल्या फायली नाहीत, आपले वॉलपेपर नाही, ब्राउझरमधले बुकमार्क नाहीत, आणि कोपऱ्यात तात्पुरत्या प्रोफाइलने लॉगिन झाल्याची सूचना असते. दोन्ही प्रकारांत मूळ बिघाड एकाच जातीचा असतो: आपले युजर प्रोफाइल, म्हणजे आपल्या फायली आणि आपली मांडणी जेथे राहते तो साठा, विंडोजला उघडता येत नाही. पासवर्डचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो, त्यामुळे घाबरून पासवर्ड बदलण्याच्या मागे लागू नये. तसे केल्याने नुकसान का होऊ शकते ते पुढे सांगतो.

या अडचणीवर सर्वत्र सांगितला जाणारा उपाय म्हणजे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सर्व मांडणी नोंदवते त्या कोशात, जाऊन ‘.बॅक’ (.bak) हे शेपूट असलेली ‘की’ (नोंदींचा कप्पा) शोधावी आणि ते शेपूट काढून टाकावे. हा उपाय चुकीचा नाही आणि पुष्कळदा तो लागूही पडतो. परंतु ते शेपूट हा मूळ आजार नाही, तो आजाराचा परिणाम आहे. प्रोफाइल लोड करता आले नाही म्हणून विंडोजने ती की बाजूला ठेवलेली असते, आणि लोड का करता आले नाही हे न पाहता केवळ नाव पूर्ववत केले, तर चार दिवसांनी किंवा चार आठवड्यांनी तोच संदेश पुन्हा समोर येतो. म्हणून या लेखात कारण ओळखण्यावर अधिक भर दिला आहे. येथील वर्णन विंडोज १० आणि विंडोज ११ यांना धरून असले, तरी विंडोज ७ मध्येही रचना बहुतांशी हीच होती.

आधी फायली सुरक्षित कराव्यात

तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये लॉगिन झाले असेल, तर तेथे कोणतेही काम साठवू नये. त्या डेस्कटॉपवर किंवा त्या ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये ठेवलेली प्रत्येक गोष्ट साइन आउट करताच पुसली जाते. क्लाउड साठवणुकीच्या प्रोग्रॅममध्ये तेथून नव्याने साइन-इनही करू नये, कारण तो रिकाम्या फोल्डरला खरे मानून सगळा साठा पुन्हा उतरवू लागतो. आपल्या मूळ फायली मात्र बहुधा जागच्या जागी असतात. सी ड्राइव्हवरील ‘युजर्स’ फोल्डर उघडल्यास आपल्या नावाचे जुने फोल्डर आणि त्याच्या शेजारी ‘टेम्प’ नावाचे नवे फोल्डर दिसते. ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेल्या दुसऱ्या खात्यातून जुने फोल्डर उघडावे, आतील फायली दिसतात याची खात्री करावी आणि संपूर्ण फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. ‘ॲपडेटा’ हे फोल्डर लपवलेले असते, ते प्रतीतून सुटू देऊ नये.

पासवर्डविषयी सावधगिरी येथेच सांगणे आवश्यक आहे. ब्राउझरने जतन केलेले पासवर्ड, काही प्रमाणपत्रे आणि विंडोजच्या स्वतःच्या एन्क्रिप्शनने कुलूपबंद केलेल्या फायली यांच्या किल्ल्या प्रोफाइलमध्येच राहतात आणि त्या वापरकर्त्याच्या पासवर्डपासून तयार झालेल्या गुपिताने संरक्षित असतात. वापरकर्त्याने जुना पासवर्ड देऊन स्वतः नवा घेतला, तर विंडोज त्या किल्ल्या नव्याने कुलूपबंद करते. परंतु स्थानिक खात्याचा पासवर्ड दुसऱ्या ॲडमिनिस्ट्रेटरने जबरदस्तीने बदलला, तर ती साखळी तुटते आणि प्रोफाइल दुरुस्त होऊनही तो मजकूर वाचता येत नाही. म्हणून दुरुस्तीच्या काळात पासवर्डला हात लावू नये. त्याच कारणाने खाते डिलीट करून त्याच नावाने नवे खाते काढण्याचा मोहही टाळावा, कारण नाव तेच असले तरी विंडोजच्या दृष्टीने तो सर्वस्वी नवा वापरकर्ता असतो.

लॉगिनच्या क्षणी नेमके काय घडते

प्रत्येक खात्याला विंडोज एक सुरक्षा ओळखक्रमांक देते. स्थानिक आणि डोमेनमधील (कार्यालयाच्या सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या) खात्यांचा क्रमांक ‘एस-१-५-२१’ ने सुरू होतो, तर मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड डिरेक्टरीतील कार्यालयीन खात्यांचा ‘एस-१-१२-१’ ने. पासवर्ड पडताळून झाला की युजर प्रोफाइल सर्व्हिस ही सेवा रजिस्ट्रीतील ‘एचके लोकल मशीन’ या मुळाखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन अशा वाटेने ‘प्रोफाइललिस्ट’ या यादीपर्यंत जाते आणि तेथे त्या क्रमांकाची नोंद शोधते. त्या नोंदीतील ‘प्रोफाइलइमेजपाथ’ या मूल्यात प्रोफाइलच्या फोल्डरचा पत्ता लिहिलेला असतो. त्या फोल्डरातील ‘एनटीयूजर.डॅट’ ही लपवलेली फाइल म्हणजे वापरकर्त्याच्या सर्व मांडणीचा रजिस्ट्रीतील भाग होय. ती फाइल ‘एचके युजर्स’ या मुळाखाली जोडली जाते, त्यानंतर ‘ॲपडेटा’मधील ‘यूएसआरक्लास.डॅट’ ही दुसरी फाइल जोडली जाते आणि मगच डेस्कटॉप उभा राहतो. नोंद नसेल, म्हणजे खाते पहिल्यांदाच लॉगिन करत असेल, तर ‘युजर्स’मधील ‘डिफॉल्ट’ या लपवलेल्या फोल्डरची नक्कल करून नवे प्रोफाइल तयार होते.

यावरून बिघाडाच्या तीन मुख्य जागा समोर येतात: यादीतील नोंद, वापरकर्त्याची रजिस्ट्री फाइल आणि ‘डिफॉल्ट’ हा साचा. यांपैकी कोणती जागा बिघडली आहे हे ठरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एक नवे चाचणी खाते काढून त्याने लॉगिन करून पाहणे. चाचणी खाते व्यवस्थित उघडले, तर साचा ठीक आहे आणि बिघाड त्या एका वापरकर्त्यापुरता आहे. चाचणी खात्यालाही तोच संदेश आला, तर त्या एका वापरकर्त्याची नोंद दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. तेव्हा साचा, डिस्कवरील जागा किंवा स्वतः सेवा यांकडे पाहावे लागते. एवढी एक चाचणी आधी केली तर पुष्कळ वेळ वाचतो.

आत कसे शिरावे

संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटरचे दुसरे खाते असेल तर प्रश्नच नाही. नसेल, तर लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट की दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे, ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या मार्गाने जावे आणि यादी आल्यावर ४ दाबून सेफ मोडमध्ये यावे. सेफ मोडमध्ये बाहेरचे प्रोग्रॅम आणि बहुतेक अँटिव्हायरस सुरू होत नसल्यामुळे अनेकदा तेच खाते तेथे सुरळीत उघडते, आणि तसे झाले तर तोच एक मोठा पुरावा ठरतो.

सेफ मोडमध्येही प्रवेश मिळाला नाही, तर त्याच ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून कमांड प्रॉम्प्ट उघडून रजिस्ट्री एडिटर चालवता येतो. येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. समोर दिसणारी रजिस्ट्री ही दुरुस्तीच्या वातावरणाची असते, आपल्या विंडोजची नव्हे. आपल्या विंडोजच्या ‘सिस्टिम३२’मधील ‘कॉन्फिग’ फोल्डरातील ‘सॉफ्टवेअर’ ही फाइल ‘लोड हाइव्ह’ने (एडिटरमधील रजिस्ट्रीची फाइल जोडण्याच्या सोयीने) जोडून घ्यावी लागते, आणि तेथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, म्हणून सी ड्राइव्ह म्हणजे खरोखर विंडोजचाच ड्राइव्ह आहे का हे आधी तपासावे. ड्राइव्हवर बिटलॉकर ही विंडोजची ड्राइव्ह कुलूपबंद करणारी सोय सुरू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी लागते.

इव्हेंट व्ह्यूअर आधी, रजिस्ट्री नंतर

संगणकावरील घडामोडींच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर हा विंडोजचा प्रोग्रॅम उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘ॲप्लिकेशन’ हा लॉग निवडावा आणि ‘युजर प्रोफाइल सर्व्हिस’ या स्रोताच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात. १५११ ही नोंद स्थानिक प्रोफाइल सापडले नाही म्हणून तात्पुरते प्रोफाइल दिल्याचे सांगते, तर १५१५ ही विंडोजने मूळ नोंद बाजूला ठेवल्याचे, म्हणजेच ते ‘.बॅक’ शेपूट जोडल्याचे सांगते. या दोन नोंदी जवळजवळ नेहमीच दिसतात आणि त्या केवळ परिणाम नोंदवतात. खरी माहिती त्यांच्या काही क्षण आधीच्या १५००, १५०२, १५०८ किंवा १५४२ या क्रमांकांच्या नोंदींत असते. १५०२ आणि १५०८ वापरकर्त्याचे प्रोफाइल किंवा त्याची रजिस्ट्री लोड न झाल्याचे कळवतात, १५४२ ही ‘यूएसआरक्लास.डॅट’शी संबंधित असते.

प्रत्येक नोंदीच्या शेवटी ‘डिटेल’ या शब्दापुढे एक ओळ असते. बहुतेक जण ती वाचतच नाहीत, आणि माझ्या मते संपूर्ण तपासणीत हीच ओळ सर्वांत मोलाची आहे. ‘ॲक्सेस इज डिनाइड’, फाइल दुसऱ्या प्रोसेसकडून (चालू असलेल्या प्रोग्रॅमकडून) वापरात असल्याचे वाक्य, फाइल सापडत नसल्याचे वाक्य, रजिस्ट्री डेटाबेस करप्ट असल्याचे वाक्य आणि डिस्कवर जागा नसल्याचे वाक्य ही पाच वेगवेगळी निदाने आहेत आणि त्यांचे उपायही वेगवेगळे आहेत. ती ओळ आणि नोंदीची वेळ कागदावर उतरवून ठेवावी.

फाइल सापडत नाही, किंवा नोंद आणि फोल्डर यांचा मेळ नाही

हा प्रकार बहुधा माणसाच्या हातून घडतो. कोणीतरी जागा मोकळी करण्यासाठी ‘युजर्स’मधील एखादे फोल्डर थेट डिलीट करतो, किंवा खात्याचे नाव बदलल्यावर फोल्डरचे नावही तसेच असावे म्हणून ते हाताने बदलतो, किंवा संपूर्ण प्रोफाइल दुसऱ्या ड्राइव्हवर हलवतो आणि पुढे त्या ड्राइव्हचे अक्षर बदलते. यादीतील नोंद मात्र जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहते. साफसफाई करणारे काही प्रोग्रॅमही हेच करतात.

दुरुस्तीसाठी संगणक रीस्टार्ट करून अडचणीच्या खात्याने लॉगिन न करता थेट ॲडमिनिस्ट्रेटरच्या दुसऱ्या खात्यात जावे, कारण तात्पुरते प्रोफाइल एकदा उघडले की त्याची रजिस्ट्री वापरात राहते. रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘प्रोफाइललिस्ट’ या कीवर उजवी क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ने तिची प्रत साठवावी, आणि ही पायरी कधीही गाळू नये. मग लांब क्रमांकांच्या प्रत्येक कीवर क्लिक करून ‘प्रोफाइलइमेजपाथ’ पाहावे. एकाच क्रमांकाच्या दोन की दिसल्या, एक साधी आणि एक ‘.बॅक’ शेपटाची, तर साधीमध्ये बहुधा ‘टेम्प’चा पत्ता असतो आणि शेपटाच्या कीमध्ये खरा. साध्या कीचे नाव बदलून शेवटी ‘.ओल्ड’ जोडावे, नंतर दुसऱ्या कीचे ‘.बॅक’ काढावे, तिच्यातील पत्ता प्रत्यक्ष फोल्डरशी अक्षर न अक्षर जुळतो का ते पाहावे आणि ‘स्टेट’ व ‘रेफकाउंट’ ही मूल्ये असल्यास दोन्ही ० करावीत. केवळ ‘.बॅक’ शेपटाचीच एक की असेल, तर तिचे शेपूट काढून हीच दोन मूल्ये तपासावीत. ‘रेफकाउंट’ सर्वच संगणकांवर नसते, त्याची चिंता करू नये आणि ते नव्याने तयारही करू नये.

पत्ता बरोबर आहे पण त्या पत्त्यावर फोल्डरच उरलेले नाही, अशी स्थिती असेल तर ती नोंद काढून टाकणे हाच मार्ग आहे. पुढच्या लॉगिनला त्याच खात्याचे नवे प्रोफाइल तयार होते आणि फायली बॅकअपमधून आणाव्या लागतात.

फाइल दुसऱ्याच प्रोसेसच्या ताब्यात आहे

येथे नोंद आणि फाइल दोन्ही धडधाकट असतात, परंतु लॉगिनच्या नेमक्या क्षणी ‘एनटीयूजर.डॅट’ कोणीतरी धरून ठेवलेली असते. अँटिव्हायरसची तपासणी, बॅकअपचा प्रोग्रॅम किंवा त्याच वापरकर्त्याच्या नावाने पार्श्वभूमीत चालणारी एखादी सेवा ही नेहमीची कारणे होत. या प्रकाराची खूण अशी की अडचण अनियमितपणे येते, रीस्टार्ट केल्यावर जाते आणि सेफ मोडमध्ये कधीच येत नाही. साइन आउटच्या वेळी नोंदलेली १५३० ही सूचना येथे उपयोगी पडते, कारण वापरकर्त्याची रजिस्ट्री कोणत्या प्रोसेसने सोडली नाही तिचे नाव बहुधा तीत लिहिलेले असते. अधूनमधून दिसणारी १५३० स्वतः घातक नसते, मात्र तिच्यात पुन्हा पुन्हा एकाच प्रोग्रॅमचे नाव येत असेल आणि त्यानंतरच्या लॉगिनला १५०८ येत असेल, तर संशयाला जागा उरत नाही.

तो प्रोग्रॅम अपडेट करावा, आणि त्याने भागले नाही तर ‘एमएस-कॉन्फिग’ (msconfig) मधून मायक्रोसॉफ्टव्यतिरिक्तच्या सेवा बंद करून काही दिवस संगणक चालवून पाहावा आणि मग एकेक सेवा परत सुरू करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण अनियमित बिघाडाला दुसरा खात्रीचा मार्ग नाही. बॅकअपची वेळ लॉगिनच्या वेळेशी जुळत असल्यास ती बदलावी.

परवानगी नाकारली गेली

‘ॲक्सेस इज डिनाइड’ या ओळीचे दोन अर्थ होतात आणि दुसरा अर्थ सहसा लक्षात येत नाही. पहिला म्हणजे फोल्डर किंवा ‘एनटीयूजर.डॅट’ या फाइलवरील परवानग्या बिघडल्या आहेत. फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिक्युरिटी’त सिस्टिम, ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि तो वापरकर्ता या तिघांना ‘फुल कंट्रोल’ असायला हवे, ते नसल्यास द्यावे. ‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार देण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिलेला आढळतो. तो पाळू नये, कारण त्याने संगणकावरील प्रत्येक खात्याला त्या व्यक्तीच्या खासगी फायली खुल्या होतात.

दुसरा अर्थ असा की फाइलवरील परवानग्या ठीक आहेत, परंतु फाइलच्या आत असलेल्या रजिस्ट्रीच्या कींवरच्या परवानग्या चुकीच्या आहेत. दुसऱ्या वापरकर्त्याची किंवा ‘डिफॉल्ट’ची ‘एनटीयूजर.डॅट’ आणून येथे ठेवली की हमखास असे होते, कारण आतील परवानग्या मूळ मालकाच्याच राहतात. यासाठी रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘एचके युजर्स’ निवडून ‘फाइल’ मेन्यूतील ‘लोड हाइव्ह’ने ती फाइल एखाद्या तात्पुरत्या नावाने जोडावी, त्या नावाच्या कीवर उजवी क्लिक करून ‘परमिशन्स’ उघडाव्यात, वरील तिघांना पूर्ण अधिकार द्यावेत आणि काम संपताच ‘अनलोड हाइव्ह’ करावे. अनलोड करायचे राहून गेले, तर फाइल आपल्याच एडिटरकडून वापरात राहते आणि पुढचे लॉगिन पुन्हा फसते.

रजिस्ट्री फाइलच खराब झाली आहे

हा प्रकार सर्वांत गंभीर आहे आणि यात घाई सर्वांत महाग पडते. आधी डिस्क तपासावी, कारण खराब होत चाललेल्या डिस्कवर फाइल दुरुस्त करण्यात अर्थ नसतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सी ड्राइव्हसाठी ‘चेकडिस्क’ची आज्ञा स्लॅश-एफ या पर्यायासह (chkdsk C: /f) द्यावी आणि रीस्टार्ट करून ती पूर्ण होऊ द्यावी. फायलींची प्रत त्याआधीच घेतलेली असावी, कारण चेकडिस्क फाइल सिस्टिमचा मेळ बसवते, फाइलमधील मजकूर परत आणण्याची हमी देत नाही.

त्यानंतर वर सांगितल्याप्रमाणे ‘लोड हाइव्ह’ करून पाहावे. फाइल जोडली गेली, तर ती पूर्णपणे गेलेली नाही. ‘एनटीयूजर.डॅट’च्या शेजारी ‘लॉग१’ आणि ‘लॉग२’ अशा शेपटांच्या फायली असतात. वीज अचानक गेल्यास अर्धवट राहिलेले बदल विंडोज त्यांच्या आधारे पूर्ण करते, म्हणून त्या निरुपयोगी समजून काढून टाकू नयेत आणि प्रत घेताना मूळ फाइलबरोबर त्यांचीही प्रत घ्यावी. फाइल जोडली गेलीच नाही, तर तिचा आकार पाहावा. आकार ० बाइट असेल, किंवा हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधील कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडल्यावर सुरुवातीला आर, ई, जी, एफ ही चार रोमन अक्षरे न दिसता केवळ शून्ये दिसत असतील, तर त्या फाइलमध्ये परत आणण्यासारखे काही उरलेले नाही.

अशा वेळी रिस्टोअर पॉइंट (विंडोजने आधी जपून ठेवलेली प्रणालीची स्थिती) असल्यास सिस्टिम रिस्टोअर वापरावे, कारण त्यात प्रोफाइलची रजिस्ट्री आणि यादीतील नोंद दोन्ही जुन्या स्थितीला जातात. पुष्कळ संगणकांवर सिस्टिम प्रोटेक्शन बंदच असते, त्यामुळे ही सोय असेलच असे धरून चालू नये. ‘कॉन्फिग’ फोल्डरातील ‘रेगबॅक’मध्ये प्रत मिळेल अशीही आशा अनेक जण धरतात. तेथे पूर्वी संपूर्ण संगणकाच्या रजिस्ट्रीच्या प्रती राहत असत, वापरकर्त्याच्या ‘एनटीयूजर.डॅट’ची प्रत नव्हे, आणि विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून त्या प्रतीही आपोआप तयार होत नाहीत.

‘डिफॉल्ट’ची ‘एनटीयूजर.डॅट’ आणून खराब फाइलच्या जागी ठेवण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. परवानग्या दुरुस्त केल्यास त्याने लॉगिन होऊही शकते, परंतु मांडणी कोरी आणि ‘ॲपडेटा’ मात्र जुना असे एक विजोड प्रोफाइल हाती येते आणि त्यातील प्रोग्रॅम पुढे अनाकलनीय चुका दाखवू लागतात.

बिघाड फक्त ‘यूएसआरक्लास.डॅट’मध्ये असेल, म्हणजे १५४२ ही नोंद असेल, तर स्थिती तुलनेने सौम्य असते. वापरकर्ता लॉगिन नसताना त्या फाइलचे नाव बदलून ठेवावे म्हणजे विंडोजला नवी फाइल तयार करता येते. कोणत्या फाइलला कोणता प्रोग्रॅम उघडेल यासारख्या काही आवडीनिवडी त्यात हरवतात.

कोणत्याच खात्याचे लॉगिन होत नसेल

नवे चाचणी खातेही फसत असेल, तर सर्वप्रथम सी ड्राइव्हवरील मोकळी जागा पाहावी. डिस्क तुडुंब भरली असताना नवे प्रोफाइल तयार होणे शक्यच नसते. नंतर ‘सर्व्हिसेस’मध्ये युजर प्रोफाइल सर्व्हिस चालू असून तिचा स्टार्टअप प्रकार ‘ऑटोमॅटिक’ आहे याची खात्री करावी. हे दोन्ही ठीक असल्यास संशय ‘डिफॉल्ट’ फोल्डरवर येतो. साचा हाताने बदलण्याच्या प्रयत्नांत त्याची ‘एनटीयूजर.डॅट’ नाहीशी होते किंवा त्यातील एखाद्या फाइलची परवानगी बिघडते, आणि अशा वेळी फाइलची नक्कल करता आली नाही हे सांगणारी १५०९ ही नोंद त्या फाइलच्या नावासह सापडते. विंडोजच्या त्याच आवृत्तीच्या निरोगी संगणकावरून ‘डिफॉल्ट’ फोल्डरची प्रत आणून ठेवणे हा यावरचा सरळ उपाय आहे. आणलेल्या फोल्डरवरील परवानग्या निरोगी संगणकावरील परवानग्यांशी ताडून पाहाव्यात. विंडोजच्या स्वतःच्या फायलींवर शंका असेल तर आधी ‘डिझम’ची रिस्टोअर-हेल्थ आज्ञा (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth) आणि तिच्यामागून ‘एसएफसी स्कॅननाऊ’ (sfc /scannow) चालवावी. मात्र या आज्ञा प्रणालीच्या फायली दुरुस्त करतात, वापरकर्त्याच्या ‘एनटीयूजर.डॅट’ला त्या स्पर्शही करत नाहीत, त्यामुळे एकाच खात्याच्या बिघाडात त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

कार्यालयातील डोमेनवर सर्व्हरवरून येणारे रोमिंग प्रोफाइल असल्यास एक वेगळी बाब तपासावी लागते. त्या फोल्डरच्या नावाला विंडोजच्या आवृत्तीनुसार शेपूट लागते, विंडोज ७ साठी ‘.व्ही२’ आणि विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून पुढे ‘.व्ही६’, त्यामुळे आवृत्ती बदलल्यावर जुने प्रोफाइल आपोआप मिळत नाही. ठरावीक दिवसांहून जुनी प्रोफाइल रीस्टार्टच्या वेळी डिलीट करणारी ग्रुप पॉलिसीही (कार्यालयाने सर्व संगणकांना लावलेला नियम) असते आणि तिच्यामुळे प्रोफाइल गेले असेल, तर ती पॉलिसी बदलल्याशिवाय संगणकावर केलेला कोणताही उपाय टिकणार नाही.

अडचण पुन्हा का येते याचा शोध

दुरुस्ती झाली, पण बिघाड परत आला, तर इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘सिस्टिम’ हा दुसरा लॉग उघडावा आणि प्रत्येक वेळच्या १५११ च्या आधीच्या दिवसभरातील नोंदी पाहाव्यात. ‘डिस्क’ या स्रोताची ७ क्रमांकाची नोंद खराब ब्लॉक दाखवते, ‘एनटीएफएस’ची ५५ फाइल सिस्टिमची मोडतोड दाखवते, ६००८ आणि ‘कर्नल-पॉवर’ची ४१ या नोंदी संगणक नीट बंद न होता थांबल्याचे सांगतात. ७ किंवा ५५ वारंवार दिसत असेल, तर रजिस्ट्रीचा विचार बाजूला ठेवून डिस्क बदलावी. तेथे कोणतीही कौशल्याची दुरुस्ती टिकत नाही. ४१ आणि ६००८ दिसत असतील, तर वीजपुरवठा, लॅपटॉपची बॅटरी किंवा बटण दाबून धरून संगणक बंद करण्याची सवय यांकडे पाहावे, कारण साइन आउटच्या वेळी वापरकर्त्याची रजिस्ट्री लिहिली जात असते आणि ते लिखाण मध्येच तुटणे हे खराब ‘एनटीयूजर.डॅट’चे एक मोठे कारण आहे.

कधी कधी दोष अपडेटमध्येही असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज १० साठी आलेल्या केबी४५३२६९३ या अपडेटनंतर अनेकांना तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये लॉगिन होत असल्याचे आढळले होते आणि त्यांचे मूळ फोल्डर ‘युजर्स’मध्येच बदललेल्या नावाने सापडत होते. म्हणून पहिल्या १५११ च्या तारखेला किंवा आदल्या दिवशी कोणते अपडेट बसले हे ‘अपडेट हिस्टरी’त अवश्य पाहावे. वेळ जुळत असल्यास ते अपडेट काढून पुन्हा लॉगिन करून पाहणे रास्त आहे.

नवे प्रोफाइल, जुनेच खाते

फाइल वाचवता येत नाही असे ठरले, तर नवे खाते काढण्याऐवजी त्याच खात्याला नवे प्रोफाइल देणे मला अधिक योग्य वाटते, कारण सुरक्षा क्रमांक तोच राहतो आणि इतर ड्राइव्हवरील फायलींच्या परवानग्या अबाधित राहतात. दुसऱ्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून जुन्या फोल्डरचे नाव बदलावे, ‘प्रोफाइललिस्ट’ची प्रत घेऊन त्या क्रमांकाच्या सर्व की, ‘.बॅक’ असलेली धरून, काढाव्यात, रीस्टार्ट करावे आणि अडचणीच्या खात्याने लॉगिन करावे. ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’मधील ‘युजर प्रोफाइल्स’ येथून प्रोफाइल डिलीट करण्याची अधिकृत सोयही आहे आणि ती नोंद व फोल्डर दोन्ही एकत्र काढते, म्हणून ती वापरायची असल्यास आधी फोल्डरची पूर्ण प्रत घेतलेली असणे अत्यावश्यक आहे.

नव्या प्रोफाइलमध्ये ‘डॉक्युमेंट्स’, ‘डेस्कटॉप’, ‘पिक्चर्स’, ‘डाउनलोड्स’ यांतील मजकूर आणावा. ‘एनटीयूजर’ या नावाने सुरू होणारी एकही फाइल आणू नये, आणि ‘ॲपडेटा’ सरसकट न आणता आवश्यक त्या प्रोग्रॅमचे फोल्डर तेवढे निवडून आणावे. नाव बदललेले जुने फोल्डर मात्र लगेच काढू नये, कारण एन्क्रिप्ट केलेल्या फायलींच्या किल्ल्या त्यातच असतात आणि त्यांची आठवण बहुधा काही आठवड्यांनी, एखादी फाइल उघडेनाशी झाल्यावरच होते.

काम पूर्ण झाल्याची पडताळणी एका लॉगिनवर सोडू नये. पूर्ण रीस्टार्ट करून दोन-तीन वेळा लॉगिन आणि साइन आउट करावे, कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सेट यूजरप्रोफाइल’ (set userprofile) ही आज्ञा देऊन येणारा पत्ता आपल्याच फोल्डरचा आहे, ‘टेम्प’चा नाही, हे पाहावे आणि ‘ॲप्लिकेशन’ लॉगमध्ये १५११ किंवा १५१५ ही नवी नोंद आलेली नाही याची खात्री करावी. डेस्कटॉपवर एक साधी मजकूर फाइल साठवून ती पुढच्या लॉगिनला शिल्लक आहे का हेही तपासावे. त्यानंतर चाचणी खाते काढून टाकावे, परंतु ॲडमिनिस्ट्रेटरचे एक दुसरे खाते कायम ठेवून त्याने एकदा तरी लॉगिन करून घ्यावे, म्हणजे त्याचे प्रोफाइल आधीच तयार राहते. ‘.ओल्ड’ शेपटाची की आणि ‘टेम्प’ फोल्डर काही आठवडे सुरळीत गेल्यावर काढण्यास हरकत नाही.